दिवसा झोप मिळेल

पाऊस उघडला की आमच्या पिंपरी-चिंचवडात दोन पिकं एकदम येतात. एक झेंडूचं, दुसरं होर्डिंगांचं. निगडीच्या चौकात टेम्पो उभे राहतात, गोणपाटांवर केशरी-पिवळे ढीग ओतले जातात आणि मान वर केली की तेवढ्याच भडक रंगात एक कुटुंब बाल्कनीत उभं राहून हसत असतं. नवरा, बायको, मुलगा, मुलगी आणि कुत्रा. दसऱ्याला फ्लॅट बुक करा, मॉड्युलर किचन मोफत! कुत्रा कोण देणार ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

परवा चाकणच्या बसमध्ये बसले होते आणि ही सगळी हसरी कुटुंबं खिडकीतून मागे पडत होती. ऑक्टोबरला लोक उगाच नावं ठेवतात. दुपारचं ऊन चटका देतं हे खरं, पण सकाळी मोशीच्या पुढे गेलं की रस्त्याकडेच्या गवताला सोन्याचा रंग चढलेला असतो, चतुर उडत असतात, कुठल्या तरी शेडमधून ताज्या वेल्डिंगचा आणि कुठल्या तरी वावरातून झेंडूचा वास एकाच झुळकीत येतो. मला तर हे दिवस आले की उगाच हसू फुटतं. कारण अशाच एका ऑक्टोबरात मी आणि मंगल घरमालकिणी झालो. झालो म्हणजे, होता होता राहिलो होतो आणि मग झालो.

मंगल माझी भिशीतली मैत्रीण. आम्ही दहा-बारा जणी दर महिन्याला पैसे गोळा करतो, जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम, आणि बाकीच्यांना साबुदाणा वडे. मंगलचं सासर जुन्या चिंचवड गावातलं, माहेर चाकणजवळच्या खेड्यातलं. आवाज असा की ती स्वयंपाकघरात कुजबुजली तर गेटवरचा वॉचमन ‘काय म्हणालात?’ म्हणून विचारतो. तिच्या माहेरच्या जमिनीला भाव आला तेव्हा भावांनी रीतीप्रमाणे हक्कसोडीचे कागद पुढे केले. बहिणींनी सही करायची, साडी-चोळी घ्यायची, जेवून घरी जायचं, अशी आमच्याकडची पद्धत. मंगल जेवली. साडीही घेतली. सही मात्र केली नाही.

“माझ्या बापाची जमीन हाय. माझ्या नावावं थोडी राहिली तर काय तिला कीड लागती का?” ती म्हणाली आणि तिच्या वाट्याचा रस्त्यालगतचा तुकडा तिच्या नावावर सातबाऱ्याला चढला. भाऊ वर्षभर बोलले नाहीत. मग त्यांनी आपापला वाटा विकला, मोठाल्या गाड्या घेतल्या, आणि गाडी दाखवायची तर बहिणीशी बोलणं भाग होतं.

त्या तुकड्यावर खोल्या बांधून भाड्याने द्यायच्या, ही कल्पना माझी. चारी बाजूंना कंपन्या, रोज नवी पोरं बस-टेम्पोतून उतरतात, ती राहणार कुठे? भांडवलाचं म्हणाल तर भिशीच्या बायकांनी चिठ्ठी न काढताच पहिला नंबर मंगलला देऊन टाकला. आमच्या ह्यांना मी विचारलं, “तुमचा फंड घालू का यात?” हे कंपनीतून नुकतेच रिटायर झाले होते. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “घाल.” एवढंच. संसाराच्या सगळ्या मोठ्या निर्णयांत या माणसाने मिळून चार शब्द खर्च केले असतील.

उरलेल्यासाठी बँकेत गेलो. साहेब माझ्या मुलीच्या वयाचा. त्याने विचारलं, “मॅडम, या क्षेत्रातला तुमचा अनुभव?”

“अर्धं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढलंय,” मी म्हटलं. “मालक कसा नसावा यावर मी तुम्हाला कोर्स देते.”

तो हसला. मंगलने सातबारा टेबलावर ठेवला आणि हात दोन मिनिटं त्याच्यावरून काढलाच नाही. कर्ज मिळालं.

खिडक्या हा माझा हट्ट. पूर्वेला तोंड करून प्रत्येक खोलीला ही एवढी मोठी खिडकी! कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, “ताई, भाड्याच्या खोलीला एवढी खिडकी कोण देतं?” मी म्हटलं, “मी देते.” त्याला काय सांगू? माझं लग्न झालं तेच ह्यांच्या थर्ड शिफ्टशी. हे सकाळी यायचे, चहा घ्यायचे आणि झोपायचे. आमच्या दोन खोल्यांतली एकुलती एक खिडकी काळ्या घोंगडीने झाकलेली. बेलच्या बटणावर चिकटपट्टी. कुकर लावायचा तो हे यायच्या आत, नाहीतर शिट्टी व्हायची. पोरगी बोलायला लागली तीच कुजबुजत. आणि बांगड्या मी कोपरापर्यंत वर सारून घट्ट बसवायची, म्हणजे भांडी घासताना किणकिणायला नकोत. संध्याकाळी हे उठले की त्या खाली सोडायच्या. मनगटावर लाल वळ असायचे. त्या अंधाराचा मला मनस्वी कंटाळा आला होता, अगदी स्पष्टच सांगते. तेव्हा स्वतःच्या पैशाने भिंती उभ्या करायची वेळ आली तर मी उजेड सोडून दुसरं काय मागणार?

मंगलनेही हौसेने सगळ्या भिंतींना पिवळा रंग दिला. माझी मुलगी ऋचा जाहिरातीच्या कंपनीत आहे, तिने इमारतीचं नाव ठेवलं ‘पहाट’. गणपतीत पाटी लागली. भाऊ गाड्या घेऊन आले, फिरून बघितलं. थोरला म्हणाला, “ताई, झाक झालंय. पर भाडेकरू कुटं हाईत? माझ्याकडं गोडाऊनवाला गिऱ्हाईक हाय. जागा, बांधकाम, समदं घेतो म्हणतोय.”

मंगलच्या नाकाचा शेंडा लाल झाला. “दिवाळीच्या पाडव्यापत्तूर एकूण एक खोली भरून दावते. न्हाई भरली तर बोलाव तुझ्या गिऱ्हाइकाला. मीच सही करते!”

मी तिचा पदर ओढत होते, पण शब्द निघून गेला होता. आणि मंगलची गोष्ट अशी की जी बाई भावांच्या दबावाने सही करत नाही, ती स्वतःच्या शब्दासाठी नक्की करणार. खोल्या गेल्या असत्या तर त्याचं दुःख मी पचवलं असतं. पण तिचं नाव सातबाऱ्यावरून जायला नको होतं.

मग सुरू झालं आमचं मार्केटिंग! ऋचाने लॅपटॉप उघडून आम्हा दोघींना समोर बसवलं. “आई, आधी ठरवायचं की आपण विकतोय काय. खोली नाही विकायची, स्वप्न विकायचं.” मंगल म्हणाली, “सपनाचं डिपाझिट किती घ्यायचं?” ऋचाने फोटो काढले, ते फेसबुकवर टाकले, पत्रकं छापली. ‘सूर्यप्रकाशात न्हालेली खोली. सोनेरी किरणांनी दिवसाची सुरुवात करा.’ चित्रात एक तरुण खिडकीत कॉफी पीत उगवत्या सूर्याकडे बघतोय. मला तर ते चित्र बघून डोळ्यांत पाणी आलं होतं.

माणसं यायची बरं का. पोरं यायची, खोली बघायची, ‘भारी आहे’ म्हणायची, मंगलच्या हातचा चिवडा खायची आणि जायची ती जायचीच. घटस्थापना झाली तरी एकही खोली गेली नव्हती. भाडं कमी करून बघितलं. डिपॉझिट अर्धं केलं. मंगल रोज संध्याकाळी फोन करायची, “आली का कुणी?” आणि तिचा आवाज पहिल्यांदाच मला फोनवर नीट ऐकू येईल इतका हळू झाला होता.

चौथ्या-पाचव्या माळेला एक पोरगा आला. सोमनाथ नाव, लातूरकडचा, अंगात कंपनीचा निळा शर्ट, डोळे तांबारलेले. सकाळचं ऊन खोलीभर पसरलं होतं, पिवळ्या भिंती झळाळत होत्या. मी अभिमानाने खिडकी आणखी उघडली. तो दारातच डोळ्यांवर हात धरून उभा राहिला.

“रूम लई भारी हाय, मावशी. पण झोपायचं कसं?”

“म्हणजे?”

“नाईट असती माझी. आता सुटून आलोय. दुपारपर्यंत ऊन तोंडावरच की हितं.” मग जरा ओशाळून म्हणाला, “सध्याच्या रूमवर चार जण हावोत. एक झोपला की दुसरा गाणी लावतो. चार महिने झाले, पोटभर झोप न्हाई बगा. परवा मशिनवर डोळा लागला. हात वाचला माझा. तुम्ही कामून हसू लागलात?”

मी हसत होते. भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. अहो, हसू नको तर काय करू! ज्या अंधारातून सुटायला मी ह्यांच्या फंडातून खिडक्या पाडल्या, तोच अंधार मागायला हा पोरगा दारात उभा होता. आणि त्यातली माझ्याइतकी पोचलेली बाई अख्ख्या चाकणात सापडली नसती! कुकरची शिट्टी कशी दाबायची, दाराची कडी कशी सरकवायची, भांडं भांड्यावर कसं ठेवायचं, सगळं मला पाठ होतं. उभा जन्म मी दिवसाची झोप राखली होती आणि विकायला बसले होते सूर्योदय!

“सोमनाथ,” मी म्हटलं, “दोन दिवसांनी ये. रात्र तयार ठेवते.”

त्याच दिवशी मंगलला घेऊन पिंपरी कॅम्पातला बाजार गाठला. काळ्या जाड कापडाचा अख्खा तागा घेतला. भिशीच्या बायका मशिनं घेऊन माझ्या हॉलमध्ये बसल्या आणि दुपदरी पडदे शिवले. देवीचे दिवस, नऊ रंगांच्या साड्या नेसलेल्या बायका, आणि मध्ये काळ्या कापडाचा ढीग. शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, “अगं, काय चाललंय हे?” मंगल म्हणाली, “अंधार शिवतूय.”

पडदे ठोकायला हे आले. स्वतःहून आले, हे विशेष. खिळे, दांड्या, फटीत बसवायच्या रबरी पट्ट्या, सगळं पिशवीत घेऊन. पहिल्या खोलीचा पडदा लागला तसे हे म्हणाले, “टेस्टिंग करावं लागेल,” आणि सतरंजी टाकून आडवे झाले. रिटायर झाल्यापासून ह्यांना ना रात्री धड झोप, ना दिवसा. मी बाहेर जिन्यात बसले. थोड्या वेळाने घोरणं ऐकू आलं. मंगल काहीतरी विचारायला तोंड उघडणार तोच मी ओठांवर बोट ठेवलं आणि नकळत बांगड्या वर सारल्या. जुनी सवय.

दुपार कलली तेव्हा हे उठून बाहेर आले. चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

“पास आहे,” म्हणाले. मग जरा थांबून, “तेव्हा तू पोरीला म्हणायचीस ना, हळू, बाबा झोपलेत... ते मला ऐकू यायचं. ते ऐकलं की झोप लागायची.”

एवढं लांब वाक्य! इतकी वर्षं मला वाटायचं की माझी ती धडपड कुणाच्या कानावर गेली नाही. न जाणं हाच तर तिचा उद्देश होता. ह्यांच्या शर्टाला लागलेला चुना झटकायच्या निमित्ताने मी पाठीवर हात फिरवला. जिन्यात याहून जास्त काय करणार?

मग नियम ठरले. मोटारसायकल गेटवर बंद करून ढकलत आत आणायची. दारांना रबर. पाण्याची मोटर संध्याकाळी. भाजीवाल्याने ओरडायचं नाही, हात हलवायचा. सगळ्यांत अवघड होता मंगलचा आवाज. ती म्हणाली, “मी आपली फाटकाच्या भाईर बोलत जाईन.”

आणि जाहिरात? ऋचाची सोनेरी किरणं रद्दीत गेली. बिचारी जरा हिरमुसली, पण सोमनाथची गोष्ट ऐकल्यावर तिनेच मांडी ठोकून नवीन मजकूर लिहिला. तीन शब्द. दिवसा झोप मिळेल. खाली फोन नंबर.

ते पोचवायचं कसं, हे मंगलने ठरवलं. खंडेनवमीला आमच्या या भागात मशिनची पूजा असते. प्रेसला हार, लेथला हार, फोर्कलिफ्टला हार, कामगारांच्या गाड्यांना हार. त्या दिवशी पहाटे मंगलच्या भावकीतल्या वावरातून आम्ही टोपल्या भरून झेंडू तोडला. दवाने हात गारठले, बोटांना तो कडसर वास दिवसभर राहिला. प्रत्येक जुडीला ती तीन शब्दांची चिठ्ठी बांधली आणि कंपन्यांच्या गेटसमोर उभ्या राहिलो. नाईट सुटायची वेळ. “घ्या, भाऊ, गाडीला बांधा. फुकट हाय!” मंगलला त्या दिवशी ओरडायची पूर्ण मुभा होती. पोरं फुलं घ्यायची, चिठ्ठी वाचायची आणि जागच्या जागी थांबायची. एकाने तर फूल खिशात घातलं आणि चिठ्ठी गाडीला बांधली.

दुपारपासून फोन वाजायला लागला तो थांबेचना. दसऱ्याला सोमनाथने आपट्याचं पान माझ्या हातात ठेवलं आणि पहिली खोली घेतली. मागोमाग बाकीचे. धनत्रयोदशीला थोरला भाऊ गिऱ्हाइकाला घेऊन आलाच, सकाळी दहाला. गिऱ्हाईक फोनवर मोठ्याने बोलत बोळात शिरलं. एक दार उघडलं, लुंगीतला सोमनाथ बाहेर.

“ओ शेठ, हळू. माणसं झोपल्यात.”

दुसरं दार उघडलं. तिसरं. सगळीकडून चोळलेले डोळे आणि ओठांवर बोटं. गिऱ्हाईक चपला हातात घेऊन गेलं. भाऊ मात्र हिशेबाला पक्का. तो कुजबुजला, म्हणजे त्याच्या घराण्यात कुजबुजणं म्हणतात तसं, “ताई, वरची कोपऱ्याची खोली मोकळी दिसती. एकूण एक म्हणली व्हतीस.”

खरं होतं. त्या खोलीला दोन बाजूंनी खिडक्या, काही केल्या अंधार होईना. ती कुणी घेत नव्हतं. पाडवा तोंडावर. मंगलने एक क्षण माझ्याकडे बघितलं, कनवटीची चंची काढली आणि डिपॉझिट माझ्या हातावर ठेवलं.

“ती मी घेतली भाड्यानं. पार्टनरनीला इचारून. काय गं, देती का?”

“शांतता पाळणार असाल तर देते,” मी म्हटलं.

भाऊ पोट धरून हसायला लागला, आणि मग स्वतःच स्वतःचं तोंड दाबून धरलं. पाडव्याला त्याने बहिणीच्या नावाची पितळी पाटी करून आणली. गेटवर ती अजून आहे.

परवा चाकणच्या त्या बसमधून मी तिथेच निघाले होते. गेट ढकललं तेव्हा अकरा वाजत आले होते. बाहेर हमरस्त्यावर कंटेनरांची रांग, हॉर्न, धूळ. आत ऊन पिवळ्या भिंतींवर पसरलेलं आणि खिडक्या-खिडक्यांत काळे पडदे. कुठून तरी संथ घोरणं. जगातलं एखादं घर बंद दिसलं की मन उदास होतं, पण ही बंद दारं बघून माझं मन भरून येतं. आत कुणाचं तरी पोर निर्धास्त झोपलेलं असतं, आणि रात्री मशिनवर त्याचा हात शाबूत राहणार असतो. मंगल पायरीवर बसून झेंडूची माळ ओवत होती. मला बघून तिने नुसता हात केला. एवढी वर्षं सराव केल्यावर आता तिला येतं.

जिन्यात एक पोरगी बसली होती. हिरवा चुडा, नवी कोरी साडी, मांडीवर ताटलीत गवार. शेंगा निवडत होती, पण आवाज म्हणून नाही. बांगड्या तिने कोपरापर्यंत वर सारल्या होत्या.

“सोमनाथची,” मंगल माझ्या कानात म्हणाली. “आठ दिस झाले येऊन. त्यो झोपला की भाईर येऊन बसती.”

मी तिचा हात धरला, ताटली उचलली आणि तिला वर नेलं. कोपऱ्याची खोली मंगलकडेच आहे, अजून दरमहा भाडं देते. तिथे पडदा नाही. दार लोटून घेतलं. दोन्ही बाजूंनी ऊन आत आलेलं होतं, खालच्या वावरातला झेंडू दिसत होता.

“इथे येऊन बसत जा,” मी म्हटलं. “इथला आवाज खाली जात नाही. आम्ही बघितलंय.”

तिने खात्री करायला माझ्याकडे बघितलं. मग हात खाली सोडला, आणि तिच्या सगळ्या बांगड्या एकदम मनगटावर आल्या.